आतलं इंजिन दर वेळी आधी का बंद पडतं? दोन इंजिनांच्या जुन्या कंट्रोल-लाइन विमानाचं दुखणं

कंट्रोल-लाइन म्हणजे तारांना बांधलेलं मॉडेल विमान. रिंगणाच्या मध्यात उभं राहून हातातल्या हँडलने ते आपल्याभोवती उडवायचं. लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याच्या विमानाला हेच दुखणं आहे त्याला लगेच ओळख पटेल. जमिनीवर दोन्ही इंजिनं सुरेख चालतात. विमान उडतं, पाच फेऱ्या छान होतात. सहाव्या-सातव्या फेरीला आतलं इंजिन, म्हणजे रिंगणाच्या मध्याकडचं, अचानक वरची पट्टी पकडतं, दोन सेकंद किंचाळतं आणि गप्प होतं. पुढच्या अर्ध्या फेरीत विमानाचं नाक आत वळतं, तारा ढिल्या पडतात आणि हँडल कितीही हलवलं तरी एलिव्हेटरपर्यंत (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीपर्यंत) काही पोचत नाही. कसंबसं खाली आणल्यावर बघावं, तर त्या टाकीत इंधन भरपूर शिल्लक असतं.

माझ्याकडे हे ओळीने चार रविवार झालं. तिसऱ्या रविवारी तर विमान थेट माझ्या डोक्याकडे आलं. मी मागे पळत तारा ताणल्या म्हणून ते माझ्यापासून दहा-बारा फुटांवर डांबरावर आपटलं. पुढच्या चाकाची तार वाकली आणि एका बूमला (शेपटीकडे जाणाऱ्या लांब दांड्याला) चीर गेली. पंख वाचला हे नशीब.

विमान पी-३८ लाइटनिंगचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या दोन इंजिनांच्या अमेरिकन लढाऊ विमानाचं मॉडेल आहे. १९५०च्या दशकातला अमेरिकन किट, इथे ओहायोत एका जुन्या सामानाच्या बाजारात मिळाला. आतल्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) फळ्यांवर भाग नुसते छापलेले. ब्लेडने कापून काढायचं काम आपलं. पंखविस्तार साधारण ४ फूट, तयार वजन १.६ किलो, .१९ ची दोन ग्लो इंजिनं (प्रत्येकी सुमारे ३.२ सीसी, तापलेल्या प्लगने पेटणारी, मिथेनॉलच्या इंधनावर चालणारी), तारा ६० फुटी. एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी तारेवरची विमानं उडवली असतील त्यांना हँडल, बेलक्रँक (तारांची ओढ एलिव्हेटरकडे वळवणारी विमानातली तरफ) आणि तारा हे प्रकरण समजावून सांगायला नको. मीही तिथेच शिकलो, एका इंजिनाच्या ट्रेनरवर. ते छोटं डिझेल इंजिन इथर, रॉकेल आणि एरंडेलावर चालायचं, आणि तो वास अजून नाकात आहे. पण एका इंजिनाच्या विमानात जो प्रश्न येतच नाही तो दोन इंजिनांवर येतो, आणि माझं घोडं तिथेच अडलं होतं.

आतलंच बंद पडणं का वाईट

आपण विमान घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतो. त्यामुळे डावा पंख आपल्याकडे, उजवा बाहेर. दोन इंजिनांपैकी एक गेलं की विमान बंद पडलेल्या इंजिनाकडे वळतं. बैलजोडीतला एक बैल थांबला की गाडी त्याच्याच बाजूला फिरते, तसंच. बाहेरचं, उजवं इंजिन थांबलं तर नाक बाहेर वळतं, तारा उलट जास्त ताणल्या जातात आणि विमान हळू हळू का होईना, हातात राहतं. आतलं थांबलं की नाक आपल्याकडे वळतं आणि तारांतला ताण जातो. तारेवरच्या विमानात ताण गेला की सगळं गेलं.

खऱ्या पी-३८च्या वैमानिकांना शिकवलं जायचं, की उड्डाण करताना एक इंजिन गेलं तर आधी चालू इंजिनाची शक्ती कमी करा, नाक सरळ करा, मग हळूहळू शक्ती वाढवा. आपल्या हातात थ्रॉटल नाही. त्यामुळे आपल्याला एकच व्यवस्था करता येते: थांबायचंच असेल तर बाहेरच्या इंजिनाने आधी थांबावं. दोन इंजिनांच्या कंट्रोल-लाइन विमानाचा हा पहिला नियम. माझं विमान नेमकं त्याच्या उलट वागत होतं.

जे करून उपयोग झाला नाही

ग्लो प्लग बदलला. नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई) काढून धुतली, मग नवी घातली. इंधनाची सिलिकॉन नळी बदलली. टाकी बाहेर काढून बादलीत बुडवली आणि नळीतून फुंकून बुडबुडे येतात का पाहिलं. एकही आला नाही. नीडल अर्धा फेरा ढिली करून मिश्रण श्रीमंत, म्हणजे जास्त इंधनाचं, केलं. त्याने फक्त एवढंच झालं, की इंजिन धूर ओकत ओकत सातव्या फेरीऐवजी आठव्या फेरीला थांबलं.

शेवटी दोन्ही इंजिनं एकमेकांच्या जागी लावली. एक आख्खा दिवस गेला, पण तेवढ्यात खरी माहिती मिळाली: दुखणं इंजिनाबरोबर उजवीकडे गेलं नाही, डावीकडेच राहिलं. जे इंजिन उजवीकडे चार आठवडे कुरकुर न करता चाललं होतं तेच डावीकडे येऊन सहाव्या फेरीला थांबलं. मग इंजिन निर्दोष, दोष त्या जागेचा. तुम्हीही हीच अदलाबदल सगळ्यात आधी करा. प्लग आणि नीडलवर मी तीन रविवार घालवले ते वाया गेले.

सिरिंजची परीक्षा

उलगडा घरातल्या मोरीत झाला. विमान धरायचं आणि सोडायचं काम माझी लेक करते. त्या दिवशी टाक्या धुवायला म्हणून मी पाणी भरलं होतं आणि ती विमान आडवं-उभं करून आतलं पाणी कसं हलतं ते ऐकत होती. तिने विचारलं, “बाबा, रिंगणात फिरताना आतलं इंधन कुठे जातं?”

“बाहेरच्या बाजूला. गोफणीतला दगड कसा बाहेर ओढ घेतो, तसंच.”

“मग आपण विमान उजव्या पंखावर उभं धरलं तर ते उडतानासारखंच होईल ना?”

अगदी तसंच होतं. तिने उजव्या पंखाचं टोक खाली आणि डाव्याचं छताकडे असं विमान उभं धरलं. मी दोन्ही टाक्यांत मोजून ६० मिलिलीटर पाणी भरलं आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला सिरिंज लावून हळूहळू ओढायला लागलो. उजव्या टाकीतून ५५ मिलिलीटर आलं, मग हवा. डाव्या टाकीतून ८ मिलिलीटर आलं आणि सिरिंजमध्ये बुडबुडे. टाकी हलवून पाहिली, आत पाणी डुचमळत होतं.

ही .१९ ची इंजिनं मिनिटाला जेमतेम १० मिलिलीटर पितात. सुरू करून सोडेपर्यंत वीसेक सेकंद, मग हवेत सहा-सात फेऱ्या म्हणजे अर्धं मिनिट: हिशेब बरोब्बर आठ मिलिलीटरांवर येतो. मोरीत उभ्या उभ्या तो जुळला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

चूक कुठे होती

नकाशात फक्त उजव्या इंजिनाचं घर तपशिलात काढलेलं आहे. बाजूला सूचना आहे, की डावं याच्या उलट करावं. काउलिंगला ते बरोबर, बूमच्या फळ्यांना बरोबर, चाकांच्या दरवाजांना बरोबर. मी टाकीसुद्धा त्याच ओघात उलट केली. उजव्या टाकीतली ओढनळी (इंजिनाकडे इंधन नेणारी नळी) उजव्या भिंतीलगत, तर डाव्या टाकीतली डाव्या भिंतीलगत, आरशात पाहावं तशी. पत्रा कापताना ते किती नीटनेटकं दिसत होतं!

पण आरशाचा नियम विमानाच्या अंगाला लागतो, इंधनाला नाही. इंधनासाठी दोन्ही टाक्या एकाच रिंगणात, एकाच दिशेने फिरतात आणि दोन्हींची ‘खालची’ बाजू एकच आहे: उजवी, बाहेरची. माझ्या विमानाची फेरी ४.६ सेकंदांची, म्हणजे वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर. ६० फुटांच्या त्रिज्येवर एवढ्या वेगाने फिरताना इंधनाला बाहेरच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या साधारण साडेतीनपट ओढ बसते. १.६ किलोचं विमान म्हणूनच हाताला साडेपाच किलोंनी ओढतं. इतक्या ओढीपुढे जमिनीकडची एक पट ओढ किरकोळ असते. डाव्या टाकीतलं इंधन उजव्या भिंतीला चिकटून बसलं होतं आणि ओढनळी डाव्या भिंतीशी कोरडी. जमिनीवर मात्र ही बाहेरची ओढ नसते, म्हणून तिथे दोन्ही इंजिनं तितकाच वेळ चालायची आणि मला काही कळायचं नाही.

इंजिन थांबण्याआधी किंचाळायचं त्याचंही कारण हेच. इंधन कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण पातळ होतं, फेरे क्षणभर वाढतात आणि मग दम जातो. असा उंच सूर लावून इंजिन थांबलं तर शंका इंधनपुरवठ्यावर घ्या. एकदम कट होऊन थांबलं तर प्लगवर.

टाकी पुन्हा बांधताना

जुन्या टाकीला गरम लोखंड लावण्याआधी ती गरम पाण्याने तीनदा धुवा आणि दिवसभर उघडी वाळू द्या. आत मिथेनॉलची वाफ उरली आणि पेटली तर उजेडात ती ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. मी इथे घाई करत नाही, तुम्हीही करू नका.

टाकी कल्हईच्या पातळ पत्र्याची, ३० मिलिमीटर रुंद, ३५ उंच, ५७ लांब. नळ्या बारीक पितळी. ओढनळीचं टोक मागच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, उंचीच्या मधोमध आणावं. भिंतीला टेकवू नये, नाहीतर तोंड बंद होतं. टोक तिरकं कापून साधारण दीड मिलिमीटर जागा सोडली की पुरतं. डाख देण्याआधी पत्रा बारीक पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावा, फ्लक्स लावावा, आणि नळी जिथे भिंतीतून आत जाते तिथे तांब्याच्या बारीक तारेचे दोन वेढे देऊन मग कथील सोडावं. इंजिनाच्या थरथरीने नुसता डाख काही महिन्यांत सुटतो. कथील चांदीसारखं वाहत सांध्यात शिरलं तर सांधा पक्का. गोळा होऊन वर बसलं तर पुन्हा करा.

झाकण बसवण्याआधी टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर खिळ्याने बाण कोरून ठेवा. मी दोन्ही टाक्यांवर एकाच दिशेचा बाण कोरला आणि फायरवॉलच्या (इंजिनामागच्या भिंतीच्या) मागेही तसाच पेनाने काढला. आता टाकी उलटी बसूच शकत नाही.

थांबायचं राहिलं, पण सूर बदलू लागला

नव्या टाकीने इंजिन शेवटच्या थेंबापर्यंत चाललं. पण चौथ्या मिनिटापासून दोन्ही इंजिनं पातळ होऊ लागली, बाहेरचंही. आधी ते ऐकू येत नव्हतं, कारण कुठलंही उड्डाण तिथवर पोचलंच नव्हतं.

साध्या टाकीत इंधन संपत जातं तसा त्याचा पृष्ठभाग आतल्या भिंतीकडून बाहेरच्या भिंतीकडे सरकतो. माझ्या टाकीत हा प्रवास सुमारे २८ मिलिमीटरांचा. साडेतीनपट ओढीत तो इंजिनाला दहा सेंटिमीटरांसारखा लागतो, म्हणजे उडता उडता कोणीतरी टाकी हळूहळू चार इंच खाली उतरवावी, तसं. एवढा फरक .१९ चं इंजिन पचवू शकत नाही.

यावर इलाज युनिफ्लोचा. हवा आत येण्याची नळी टाकीच्या आत लांबवून तिचं टोक ओढनळीच्या टोकाशेजारी, पाचसहा मिलिमीटर पुढे आणून ठेवायचं. मग हवा इंधनाच्या तळाशी बुडबुड्यांनी येते आणि इंजिनाला पृष्ठभाग कुठे आहे याच्याशी देणंघेणं राहत नाही. दाब त्या टोकाच्या जागेवर ठरतो आणि ती जागा हलत नाही. या नळीचं बाहेरचं तोंड समोरच्या वाऱ्याकडे, धुराच्या झोतापासून दूर असावं. इंधन भरायची तिसरी नळी आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात. उडवण्याआधी तिला टोपण लावायचंच. टोपण विसरलं की हवा तिथून शिरते, टाकी पुन्हा साधी होते आणि आपण नीडलला दोष देत बसतो. हे माझ्याकडून दोनदा झालं, म्हणून आता दोन्ही टोपणांना लाल दोरा बांधला आहे आणि सोडण्याआधी लेक ती मोठ्याने मोजते: “एक, दोन!”

दोघांचा सूर जुळवणं

इथे माझं सगळ्यात जास्त मन रमलं. दोन इंजिनांचे फेरे थोडे वेगळे असले की हवेत वाँव-वाँव असा लहरता आवाज येतो. लहर जितकी लांब तितकी दोघं जवळ. दोन तानपुरे लावताना कान जे करतो, तेच इथे करायचं.

जमिनीवर टॅकोमीटरने (फेरे मोजणाऱ्या यंत्राने) दोन्ही इंजिनं एका आकड्यावर आणली तरी हवेत माझं आतलं इंजिन किंचित मागे पडायचं. कारण पुन्हा टाकीच. डावं घर मी उजव्याच्या उलट बांधलेलं, त्यामुळे आधाराच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूला आणि नवी टाकी आपल्या स्प्रेबारच्या (इंजिनात इंधन सोडणाऱ्या बारीक नळीच्या) मानाने ४ मिलिमीटर आत बसत होती. साडेतीनपट धरा, म्हणजे १४ मिलिमीटरांचा जास्तीचा दाब, म्हणून मिश्रण थोडं श्रीमंत. पट्टी तासून टाकी ४ मिलिमीटर बाहेर सरकवली आणि रिकाम्या बाजूला बाल्साची पट्टी घातली. पहिल्याच उड्डाणात लहर लांबत लांबत गेली आणि तिसऱ्या मिनिटाला काही क्षण एकच आवाज ऐकू आला. त्या क्षणासाठी मी आणखी चार रविवार दिले असते.

म्हणून मोजताना टाकी नॅसेलच्या (इंजिनाच्या घराच्या) मधोमध आहे का हे बघू नका. प्रत्येक टाकीचं युनिफ्लोचं टोक आपापल्या स्प्रेबारपासून किती बाहेर आहे ते मोजा आणि दोन्हीकडे तेच अंतर ठेवा. हे टोक स्प्रेबारच्या बाहेर असल्यामुळे विमान वेगात आलं की दोन्ही मिश्रणं थोडी पातळ होणारच. जमिनीवर नीडल तेवढी श्रीमंत ठेवून सोडा.

कोण आधी थांबणार, हे आपण ठरवायचं

मी आतल्या टाकीत ६० मिलिलीटर भरतो, बाहेरच्या टाकीत ५५. सुरू करताना बाहेरचं इंजिन आधी, आतलं नंतर. या दोन्ही गोष्टी मिळून बाहेरचं इंजिन जवळपास पाऊण मिनिट आधी संपतं. ते थांबलं की विमान नाक थोडं बाहेर ठेवून आतल्या इंजिनावर फिरत राहतं. मी वर-खाली काही न करता उंची हळूहळू कमी करतो. दोन्ही रडर (शेपटीच्या उभ्या पट्ट्या) दोनतीन अंश बाहेर वळवलेले आहेत आणि उजव्या पंखाच्या टोकात ३० ग्रॅम शिसं आहे. पण वजन आणि रडर तारा ताणायला मदत करतात, बंद पडलेल्या आतल्या इंजिनाची भरपाई करत नाहीत. टाकीची चूक शिशाने झाकायचा प्रयत्न मी करून पाहिला होता. ५० ग्रॅम घातल्यावर विमान तिरकं उडू लागलं आणि सातव्या फेरीला तरीही आत आलंच.

आणि एवढं करूनही कधी आतलं इंजिन आधी गेलं, तर हात हलवण्याआधी पाय हलवा: लगेच मागे सरका, वाऱ्याकडे पाठ नसली तरी. तारा ताणल्या गेल्या असं हाताला कळेपर्यंत एलिव्हेटर वर ओढू नका, नाक वर गेलं की उरलासुरला वेगही जातो. ताण आला की हँडल विमानाच्या थोडं पुढे नेत त्याला ओढत फिरवा आणि उतरवा. सोडताना विमान वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा त्याला आपल्यापासून दूर ढकलेल अशा जागी ठेवलं असेल तर पहिल्या फेरीतला धोका बराच कमी होतो. मनगटाचा पट्टा बांधलेला असावा, तारा विमानाच्या वजनाच्या दहापट, माझ्या बाबतीत १६ किलोंनी, ओढून तपासलेल्या असाव्यात, आणि आसपास विजेची तार दिसली तर त्या जागी उडवूच नये.

इंधनाबद्दल एक राहिलं. जुन्या इंजिनांना मी एकूण २२ टक्के तेल देतो, त्यातलं बहुतेक एरंडेल. जगातलं सर्वाधिक एरंडेल भारतात, त्यातही गुजरातेत तयार होतं. इथे ओहायोत बाटली उघडली की मला तो वास घरचाच वाटतो. एरंडेल टाकीच्या नळ्यांत वाळून चिकट होतं, म्हणून मोसम संपताना टाकीत मिथेनॉल घालून हलवा, ओतून टाका, आणि युनिफ्लोच्या नळीतून एकदा फुंकून बघा. पुढच्या वसंतात पहिल्या उड्डाणाआधी पुन्हा विमान उजव्या पंखावर उभं धरून सिरिंज लावा. माझ्या दोन्ही टाक्यांतून या वर्षी ५६ आणि ५५ मिलिलीटर आलं.